न धुतलेलं फडकं

मित्रांनो, आधी हात धुऊन या. साबण लावून, नखांतसुद्धा. मग बसा आणि ऐका.

मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे. डब्लिनच्या उत्तरेला ब्युमॉन्टमध्ये, एका मराठी कुटुंबाच्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली मी अकरा वर्षं उभी आहे. माझ्या एका बाजूला सिंक, दुसऱ्या बाजूला मसाल्याचं प्रेस. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आता हे लोकही तसंच म्हणतात. तुम्हाला वाटेल, मशीनला काय कळतं? अहो, सगळं कळतं. ज्याच्या पोटात घरादाराचा मळ जातो, त्याच्यापासून काय लपणार? आणि खरं सांगते, मला माणसांची किळस येते.

माझा जन्म तुर्कस्तानातल्या एका कारखान्यात झाला. बाहेरून पांढरीशुभ्र, आतून कोरं करकरीत स्टील. बोटीतून या देशात येताना मला वाटलं होतं, जग असंच स्वच्छ असणार. पहिल्याच दिवशी यशोधनने माझ्या तोंडात काय कोंबलं असेल? फुटबॉल खेळून आलेले मोजे! उलटे, गोळा झालेले, आत चिखल आणि त्यात गवत. शी! त्या दिवसापासून मोजे या वस्तूशी माझं वैर आहे.

यशोधन मूळचा नागपूरचा, कॉम्प्युटरवर काम करतो. त्याची बायको पद्मजा डॉक्टर आहे. तिच्या हॉस्पिटलच्या कपड्यांवर काय काय सांडलेलं असायचं ते न सांगितलेलंच बरं, तुम्ही जेवून आला असाल. त्यांची मुलगी सानिका. तिच्या शाळेच्या जर्सीच्या बाहीला पुसलेलं नाक, खिशात भिजलेला टिश्यू आणि एकदा तर अख्खं कुजलेलं केळं. तरी मी कधी तक्रार केली नाही. पद्मजा माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायची, "ही आहे म्हणून माझा संसार चाललाय." कौतुक तेवढंच. माझा फिल्टर मात्र तीन वर्षं कुणी उघडला नाही. त्यात केसांचा एक बोळा कुजत होता. पद्मजा म्हणायची, "यशोधन, फिल्टर साफ कर." तो म्हणायचा, "करतो ना." त्याचं ते 'करतो ना' मला त्या बोळ्याहून ओंगळ वाटायचं. लक्षात ठेवा हं हे, पुढे लागणार आहे.

या घरात माझ्या स्वभावाचं एकच माणूस होतं. यशोधनची आई, अलकनंदाबाई. वर्षाआड उन्हाळ्यात नागपूरहून तीन महिन्यांसाठी यायच्या. पहाटे आंघोळ, धुतलेलं पातळ, मग देव. पारोशा माणसाचा हात लागला तर पुन्हा आंघोळ. माझ्याकडे तर त्या ढुंकूनही बघायच्या नाहीत. म्हणायच्या, "ज्या मशीनमध्ये पायमोजे अन् चड्ड्या एकत्र गरगरतात, त्यात माझं पूजेचं पातळ? नाही बाप्पा!" मला राग नाही आला. उलट आदरच वाटला. मोज्यांबद्दल आमचं एकमत होतं.

आता मुद्द्याचं सांगते. सानिकानंतर पद्मजाला दुसरं मूल होणार नाही असं कळलं, तेव्हा दोघांनी परदेशातून बाळ दत्तक घ्यायचं ठरवलं. चार वर्षं नुसते कागद. मधूनमधून नुआला नावाची समाजसेविका यायची. ती माझ्या समोरच्या टेबलाशी बसून चहा प्यायची आणि दोघांना खोदून खोदून प्रश्न विचारायची. शेवटी व्हिएतनाममधून होकार आला. चौदा महिन्यांची मुलगी. निघण्याआधीच्या भेटीत नुआला म्हणाली, "बाळ बरोबर जे काही आणेल, बाहुली असो की चिंधी, ते धुऊ नका. कितीही घाण असलं तरी. त्या वासातच तिचं घर असतं."

मी तेव्हा टॉवेल खंगाळत होते. ऐकून मी नाक मुरडलं. धुऊ नका? या बाईला कुणी समाजसेविका केलं?

ती गेल्यावर पद्मजा नवऱ्याला म्हणाली, "हे तुझ्या आईला तू सांग हं. मी सांगितलं तर सून अक्कल शिकवते असं होईल."

"सांगतो ना," यशोधन म्हणाला.

आलं ना लक्षात, मित्रांनो?

महिन्याभराने ते परत आले. अलकनंदाबाई नातीसाठी आधीच येऊन राहिल्या होत्या. त्यांनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि पद्मजाच्या कडेवरून ती पोर माझ्यासमोर आली. गोल चेहरा, ब्रशसारखे ताठ उभे केस, कोरडे डोळे. तिथल्या अनाथाश्रमात तिला लान म्हणायचे, इथे नाव ठरलं होतं रुचा. आणि तिच्या मुठीत ते फडकं होतं.

काय सांगू त्याबद्दल! काळ्या-पांढऱ्या चौकड्या होत्या, पण पांढरं कुठलं आणि काळं कुठलं ते ओळखू येत नव्हतं. लाळ वाळून कडक झालेली. त्यावर भाताची खीर. धूर, घाम, बामसारखं काहीतरी, आणि या सगळ्याच्या वर मासळीचा वास. मी कडेची रबरी पट्टी घट्ट आवळून घेतली. अलकनंदाबाईंनी पदर नाकाला लावला.

चहा पिताना पद्मजाने भेटीची हकिकत सांगितली. "आई, ती येईचना आमच्याकडे. तिथं एक बाई होत्या तिला सांभाळणाऱ्या, त्यांच्या मानेला चिकटून बसली होती. दीड तास आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून होतो. शेवटी त्या बाईंनी स्वतःच्या गळ्यातलं हे फडकं काढलं, तिच्या मुठीत दिलं आणि तिला माझ्या मांडीवर ठेवलं. आणि वळून आत निघून गेल्या. मागे बघितलंसुद्धा नाही हो त्यांनी."

अलकनंदाबाईंचे डोळे भरले. पण पदर नाकावरच होता.

रुचा त्या फडक्याशिवाय काही करायची नाही. ते नाकाशी धरायची, मग एक घास घ्यायची. पुन्हा नाकाशी, पुन्हा घास. आजी तिला प्रेमाने घ्यायच्या, खोटं कशाला बोलू, "ये गं माझी चिमणी" म्हणून घ्यायच्या. पण फडकं पातळाला लागलं की लगेच पातळ बदलायच्या. दिवसातून तीन तीनदा. सानिका म्हणायची, "शीज ग्रँड, आजी! इट्स ओन्ली अ स्कार्फ." इथे 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात. आजी म्हणायच्या, "ग्रँड काय ग्रँड! अंगावर रोग येईल पोरीच्या." आणि मी मनातल्या मनात म्हणायचे, बरोबर आहे बाई, अगदी बरोबर.

पाचव्या दिवशी इथल्या मराठी मंडळातल्या मृणालिनीबाई बाळ बघायला आल्या. बेसनाचे लाडू घेऊन. बाळाच्या गालाला बोट लावलं आणि ते बोट गुपचूप रुमालाला पुसलं. मी बघितलं. मग म्हणतात कशा, "गोड आहे हो. पण निदान आपल्याकडचं तरी आणायचं. आणि अलकाताई, रागावू नका, हिला वास येतोय मासळीचा. तुमच्यासारख्यांच्या घरात..."

मित्रांनो, मोजे परवडले. मोज्यांना निदान आपण घाण आहोत हे ठाऊक असतं.

अलकनंदाबाईंचा चेहरा पडला. पाहुणी गेल्यावर त्यांनी घर पुसलं, उदबत्ती लावली, लाडवांचा डबा प्रेसमध्ये आत ढकलून दिला. दुपारी रुचा स्वयंपाकघरातच झोपली. पद्मजाही वर जाऊन आडवी झाली होती, यशोधन वरच मीटिंगमध्ये होता. झोपेत पोरीची मूठ सुटली आणि फडकं खाली पडलं. आजींनी सांडशी आणली. हो, पातेलं उतरवायची सांडशी. तिच्या चिमटीत फडकं धरून, तोंड फिरवून, त्या माझ्याकडे आल्या.

माझ्याकडे! ज्या बाईने मला कधी बोट लावलं नव्हतं तिने माझं दार उघडलं. माझ्या दाराची कडी तेव्हा बिघडलेली होती. गुडघ्याने दोन धक्के दिल्याशिवाय लागायची नाही, सानिकालाच ते तंत्र जमायचं. त्या दिवशी मेली पहिल्या फटक्यात लागली. आजींनी बटण फिरवून नव्वदवर नेलं, वर अर्धी बाटली जंतुनाशक ओतलं.

आणि मी धुतलं. अभिमानाने धुतलं. पहिलं पाणी असं निघालं की मला ओकारी यायची बाकी होती. दुसरं चहासारखं, तिसरं निवळ. धूर गेला, घाम गेला, मासळी गेली, बाम गेला. चौकड्या पहिल्यांदा चौकड्यांसारख्या दिसल्या. इतकं स्वच्छ काम मी जन्मात केलं नव्हतं. आजींनी ते इस्त्रीने वाळवलं, घडी करून पोरीच्या उशाशी ठेवलं आणि समाधानाने माझ्याकडे एकदा बघितलं.

रुचा उठली. फडकं घेतलं, नाकाशी नेलं. बाजूला केलं, बघितलं. पुन्हा नाकाशी नेलं. मग ती ते उलगडून आत शोधायला लागली. त्या फडक्यात ते फडकं शोधत होती. चारी कोपरे बघितले. मग खाली टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ती रडलीसुद्धा नाही.

पद्मजा डोळे चोळत खाली आली, तिने इस्त्री केलेलं फडकं जमिनीवर पडलेलं बघितलं आणि यशोधनला हाक मारली. यशोधन जिना उतरून आला तेव्हा तिने एवढंच विचारलं, "तू सांगितलं नव्हतंस आईंना?"

"अगं, सांगणार होतो. आईला कसं सांगायचं की... सांगतोच होतो..."

"काय सांगणार होता?" आजी म्हणाल्या. "अरे, काय सांगणार होता मला? तोंडात मूग काहून गिळून राहिलास?"

मग त्याने सांगितलं. नुआला काय म्हणाली होती ते सगळं, खालमानेने. अलकनंदाबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या बाईनं गळ्यातलं काढून दिलं, अन् मी ते सांडशीनं उचललं." आणि त्यांनी ती सांडशी सिंकमध्ये फेकून दिली.

मला माझीच शिसारी आली, मित्रांनो. नुआलाचं बोलणं मी तर कानांनी ऐकलं होतं! ऐकून नाक मुरडलं होतं. ज्या बाईने मागे वळून बघितलं नाही, तिचा पोरीजवळ उरलेला एवढाच अंश होता, आणि तो मी गटारात सोडला होता. तीन पाण्यांनी. गटारातून तो कुणाला परत आणता येणार होता?

त्या संध्याकाळी रुचाने घास घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चमच्याने पाणी, चार-सहा घोट दूध, बस. पद्मजा दर तासाला बाटली घेऊन बसायची. "उद्या संध्याकाळपर्यंत प्यायली नाही तर सलाइन लावावं लागेल," ती म्हणाली.

आजींनी पहिल्याच संध्याकाळी ते धुतलेलं फडकं उचललं होतं. हाताने. म्हणाल्या, "आमच्या आजोळी, वर्ध्याकडं, गाय मेली अन् वासरू उरलं की त्याला दुसऱ्या गाईखाली लावायचे. ती हुंगायची अन् लाथ मारायची. मग गडी त्या गाईचा वास वासराच्या अंगाला चोळायचा. दोन दिवसांत ती त्याला चाटायला लागायची. इथं हुंगून राहिलं ते वासरूच. वास आपल्याला द्यायचा आहे."

"मी बांधते अंगाला," पद्मजा म्हणाली.

"तू दिवसातनं वीस वेळा त्या औषधानं हात धुतेस. तुझ्या अंगाला वासच कुठं आहे, बाई? अन् धुतलं मी. तर भरूनही मीच देणार."

त्यांनी फडकं कमरेला खोचलं, अगदी पोटाशी. आणि मग त्या बाईने काय केलं माहीत आहे? आंघोळ सोडली. पातळ बदलणं सोडलं. देवापुढे हात जोडून म्हणाल्या, "थोडे दिवस तुमचं यशोधन बघेल. मी पारोशी आहे." आणि दिवसभर त्या माझ्यासमोर गॅसपाशी राबायच्या. फोडण्या, भाकऱ्या, कांदा, घाम. डोक्याला खोबरेल, गुडघ्यांना मलम. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा वास माझ्या रबरापर्यंत आला. किळस वाटली का? वाटली. खोटं सांगणार नाही, चांगलीच वाटली. त्यांनाही वाटत होती. मधूनच स्वतःच्या खांद्याला नाक लावायच्या आणि तोंड वाकडं करायच्या. पण फडकं काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आजी वरणाला फोडणी देत होत्या. बाहेर पाऊस, पद्मजा हॉस्पिटलात नेण्यासाठी पिशवी भरत होती. रुचा खालच्या गालिच्यावर पडलेली होती. हिंगाचा धूर झाला, आजी खोकल्या, कमरेतून फडक्याचं टोक बाहेर आलं. रुचाने मान वळवली. रांगत आली. हळू, पोटावर घसटत, माझ्या समोरून. तिने पातळाला धरून उभं राहायचा प्रयत्न केला, ते टोक पकडलं आणि नाकाशी धरलं.

आजी हलल्या नाहीत. फोडणी करपली. पद्मजा दारात पिशवी घेऊन उभी राहिली. धुराने घरातला अलार्म किंचाळायला लागला, तरी कुणी हललं नाही.

रुचा हुंगत राहिली. तोंड वेडंवाकडं करून, पुन्हा पुन्हा. मग तिने आजींच्या पोटात तोंड खुपसलं आणि पहिल्यांदा रडली. काय रडली! इतक्या दिवसांचं, दोन देशांचं रडणं. आजी तिथेच फरशीवर बसल्या, माझ्या दाराला पाठ टेकून. यशोधनने अलार्म बंद केला, पद्मजाने साधं वरण आणि भात कालवून दिला. पहिला घास पोरीने आजींच्या पातळावर थुंकला. दुसरा खाल्ला.

ते पातळ आजींनी त्या दिवशी बदललं नाही.

आठ दिवसांनी नाव ठेवण्याचा कार्यक्रम झाला. मृणालिनीबाई आल्या, आजींच्या शेजारी बसल्या आणि सरकल्या. "अय्या, अलकाताई, तुमच्या साडीला कसला हो वास?"

"माझा," आजी म्हणाल्या. "मासळी नाही त्यात, घाबरू नका. गाल धरायचा असेल पोरीचा तर धरा. पण बोट रुमालाला पुसायचं नाही."

आजी नागपूरला परत गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. रुचा आता घरभर पळते, सानिकाचं ऐकून ऐकून "ग्रँड" म्हणते. फडकं मात्र हातातच असतं. त्यावर आता वरण आहे, केळं आहे, लाळ आहे, आजींचं खोबरेल आहे. भयंकर आहे. माझ्यासमोरून ते फरफटत गेलं की मी अजून दार आवळून घेते.

आणि परवा सानिकाने कपड्यांचा ढीग उचलला, तसाच्या तसा माझ्यात कोंबला. मोजे, टॉवेल, आणि मध्ये चौकड्या. मी बघितलं. तिने दार लावलं, गुडघ्याने धक्के दिले. दोन, चार, दहा. "आई, द मशीन्स बँजॅक्स्ड!" ती ओरडली. बँजॅक्स्ड म्हणजे इथल्या बोलीत पार बिघडलेलं. पद्मजा आली, तिने जोर लावला, कडी काडकन मोडली. दार उघडलं. कपडे काढता काढता तिच्या हाताला फडकं लागलं. तिने ते नाकाशी धरलं, वास होता तसाच होता.

कडी गंजून मोडली, असं यशोधन म्हणतो. म्हणू दे. त्याने लगेच नवी मशीन मागवली. यावेळी 'मागवतो ना' नाही, मागवलीच. उद्या ती येणार आणि ती आणणारे लोकच मला भंगारात नेणार. अकरा वर्षं मी या घराचा मळ काढला. एकदाच मी घाण आत घ्यायला नकार दिला, आणि तेवढ्यावरून निकामी ठरले.

म्हणून, मित्रांनो, तुम्हाला विनवते. नव्या मशीनला माझी भाषा कळायची नाही, ती कोरी आहे. तुमच्या घरात कुणी एखादं ओंगळ फडकं, मळकी बाहुली, कुबट पांघरूण उराशी धरून फिरत असेल, तर धुवायच्या आधी विचारा, यात कुणाचा वास आहे? उत्तर देता येत नसेल इतकं ते मूल लहान असेल, तर धुऊच नका. नाक धरा आणि राहू द्या. मी, वॉशिंग मशीन, हे सांगते आहे.

मोजे मात्र धुवा. उलटे काढू नका, सुलटे टाका. शी!